बीअरचा वायू आणि सोड्याचे पिंप

पेयांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे तो एक तर चेष्टेचा विषय होतो, नाही तर निषेधाचा. प्यावे की न प्यावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. येथे पाहावयाचे ते इतकेच, की घरी बीअर करणारा अमेरिकन गृहस्थ जेव्हा आपले पहिले पिंप निवडतो, तेव्हा त्या साध्या भांड्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा असतो.

१७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडातील लीड्स येथे राहावयास आला. शेजारीच बीअरची भट्टी होती. आंबणाऱ्या रसावर एक जड वायू साचून राहतो व त्यात धरलेली पेटती काडी विझते, हे त्याने पाहिले. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात मुरविण्याची कृती प्रीस्टलीने १७७२ साली प्रसिद्ध केली. पुढे १८०३ मध्ये विल्यम हेन्रीने नियम सांगितला, की दाब जितका वाढवावा तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. सोडावॉटरचा सारा धंदा या पायावर उभा आहे. म्हणजे सोड्याचे माहेर बीअरच्या भट्टीतच म्हणावयाचे!

विसाव्या शतकात या धंद्याने आपल्या सोयीसाठी एक भांडे घडविले. अमेरिकेतील पेयविक्रेत्यांना पाक अथवा तयार पेय पोहोचविण्याकरिता स्टेनलेस स्टीलची पाच गॅलनांची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, उभट पिंपे निघाली. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना ‘कॉर्नी’ म्हणतात. त्यांचे लांबट झाकण आतल्या बाजूने बसते आणि वायूचा दाबच ते घट्ट धरून ठेवतो. आपल्याकडील गोटी सोड्याच्या बाटलीतही दाबच गोटीला तोंडाशी दाबून धरतो, तत्त्व एकच.

परंतु घरगुती बीअर करणाऱ्याची वाट कायद्याने अडविली होती. दारूबंदी १९३३ साली उठली, घरी द्राक्षमद्य करण्यास मोकळीक मिळाली; बीअर मात्र वगळली गेली. स्वतःच्या स्वयंपाकघरात जव आंबविणारा नागरिक पुढे पंचेचाळीस वर्षे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच राहिला. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. तो १ फेब्रुवारी १९७९ पासून अंमलात आला. एका प्रौढास वर्षाकाठी शंभर गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास दोनशे, अशी मर्यादा ठरली. राज्यांचे कायदे निराळे असल्याने अलाबामा व मिसिसिपी येथे ही मोकळीक पोहोचावयास २०१३ उजाडले.

मोकळीक मिळाली, साधन मागून आले. शीतपेयांच्या कंपन्या पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातील प्लास्टिकच्या पिशव्यांतून पाठवू लागल्या आणि टाकाऊ ठरलेली पिंपे स्वस्तात विकली जाऊ लागली. एका पिंपात बारा औंसांच्या सुमारे ५३ बाटल्यांची बीअर मावते. तितक्या बाटल्या धुणे, प्रत्येकीत मोजकी साखर घालणे, प्रमाण चुकल्यास त्या फुटणे, हा सारा व्याप टळला.

नवख्याला आजही पहिला प्रश्न पडतो तो त्याच जुन्या स्पर्धेचा वारसा आहे. पेप्सीच्या पिंपांना बॉल लॉक, कोका-कोलाच्या पिंपांना पिन लॉक; एकाची जोडणी दुसऱ्यास बसत नाही. म्हणून आरंभीच एक जात ठरवून तिलाच धरून राहावे. वापरलेले पिंप घेतल्यास रबरी कडी बदलावीत, नाही तर पूर्वीच्या पेयाचा वास बीअरला लागतो. काटकसर करावी ती पिंपात. दाबनियंत्रकात करू नये. खोलीच्या उष्णतेत सिलिंडरमधील दाब दर चौरस इंचास ८०० पौंडांच्या घरात असतो, आणि बीअरला चार अंश सेल्सियसला सुमारे १२ पौंडच पुरतात. वायू गळत नाही ना, हे साबणाच्या पाण्याने पाहावे आणि सिलिंडर कोंदट खोलीत ठेवू नये. प्रीस्टलीची काडी विझविणारा वायू माणसालाही सोडीत नाही.

भट्टीतून निघालेला वायू सोड्याच्या कारखान्यात गेला आणि सोड्याचे पिंप घेऊन पुन्हा बीअरकडे परतला. कायदा हक्क देतो, पण तो हक्क सामान्य माणसाच्या हाती पडतो तो त्याला परवडणारे भांडे मिळाल्यावर. इतिहासाने राजांच्या सनदांबरोबर अशा भांड्यांचीही नोंद ठेवावी, ती याचसाठी.