बागेतून बागायतीकडे

सातबाऱ्यावर 'बागायत' वाचलं की आपल्याला ऊस आठवतो, मोसंबी आठवते; फुलं आठवत नाहीत. शब्द मात्र बागेतूनच आला. फारसी 'बाग'चं अरबी वळणाचं अनेकवचन 'बागात'. त्याचं मराठीत बागाईत, मग बागायत. तिची जोडीदार जिरायत अरबी 'जिराअत'वरून आली. मूळ अर्थ नुसती शेती. 'पावसावरची' हा अर्थ तिला इथे चिकटला. दोन्ही शब्दांना मराठीनं पाण्याच्या मापानं मोजलं.

छत्रपती संभाजीनगरात हे पटकन पटतं. अरबीत 'नहर' म्हणजे नदी. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी शहरासाठी जे पाणी खापरांच्या नळांतून आणलं, तेही नहरच. मुघलकालीन हिमायत बागेत आज कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. तिथे बागेची खरोखरच बागायत झाली.

माणसांचे शब्द याहून मजेशीर. फारसी 'बागबान' बाग राखतो. आपला बागवान फळं विकतो. बाग राखण्याचं काम मराठीनं माळ्याकडेच, म्हणजे 'माला' गुंफणाऱ्याकडे ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षण खात्याच्या नोकरीमुळे याच शहरात राहिलेल्या मौलवी अब्दुल हक यांनी बीबी का मकबऱ्याच्या बागेतल्या एका कामगारावर उर्दूत शब्दचित्र लिहिलं. पाऊस कमी झालेल्या वर्षी लांबून पाणी वाहून रोपं जगवणारा हा माणूस. उर्दूच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकानंही शीर्षकात 'बागबान' घातलं नाही. 'नामदेव माली' असंच लिहिलं. मला हा या मातीचा मान वाटतो.

पण बाग आली की तिचे शब्दही येतातच असं नाही. त्याच सुमारास इंग्लंडमधले जमीनदार आपापल्या इस्टेटींवर जपानी बागा करवून घेत होते. 1910 च्या लंडनमधल्या जपानी-ब्रिटिश प्रदर्शनानं ती हौस आणखी वाढवली. आपल्याकडे पुण्यात, सिंहगड रस्त्यावर, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून रचलेली अशी बाग आहे. तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं, आणि पुढे संस्कृत 'उद्यान'. जपानी बागेनं मराठीला फार तर 'बोन्साय' दिला, कारण तिच्यासोबत इथे पाणी धरणारी, झाडं लावणारी माणसं नांदायला आली नाहीत. फारसी बागेसोबत ती आली. म्हणून बगीचा, गुलाब, हौद, कलम, चमन हे शब्द परके वाटत नाहीत, आणि जालन्यात रिक्षावाल्याला 'गांधी चमन' एवढं सांगितलं तरी पुरतं.