काठी, दोर आणि रीळ: बेळगाव–निपाणी परिसरातील गळाच्या मासेमारीचा इतिहास

बेळगाव आणि निपाणी परिसरात गळाने मासे धरण्याच्या साधनांचा इतिहास तपासू लागल्यास काठी व रीळ यांच्यापेक्षा दोराकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. कारण काठी शेकडो वर्षे बांबूचीच राहिली, रीळ फार उशिरा आले, आणि मासेमारीची रीत पालटली ती दोर बदलल्यामुळे किंवा नदीचे पाणीच बदलल्यामुळे.

या विषयाचा सर्वांत जुना सविस्तर आधार कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला आहे. राजा तिसरा सोमेश्वर याने 12 व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळ, दोर, काठी यांचे विवेचन आढळते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सौंदत्तीचे रट्ट हे याच चालुक्यांचे मांडलिक असल्याने आजचा बेळगाव जिल्हा या राज्यातच मोडत होता. अर्थात ग्रंथकाराच्या दृष्टीने मासेमारी हा राजाचा करमणुकीचा खेळ होता आणि नदीकाठच्या भोई व कोळी कुटुंबांचे पोट त्याच पाण्यावर भरत होते, हा फरक ग्रंथाच्या पांडित्याने झाकला जाऊ नये.

या कुटुंबांचे साधन साधे होते. सह्याद्रीलगतच्या खानापूर भागात बांबू विपुल असून त्यांतील जवळजवळ भरीव कांडीच्या जाती काठीला उत्तम ठरतात, कारण त्या वाकतात पण सहसा पिचत नाहीत. दोर सुताचा किंवा अंबाडीसारख्या वाखाचा, म्हणजे झाडाच्या सालीपासून काढलेल्या तंतूचा, वळलेला असे आणि तो काठीच्या टोकालाच बांधलेला असल्यामुळे मासेमाराची पोच काठी व दोर यांच्या लांबीपुरतीच मर्यादित राही. ओला दोर वाळवला नाही तर कुजत असे. शिवाय तो जाड असल्याने निवळ पाण्यात माशाला सहज दिसे. म्हणूनच गढूळ पाणी आणि कातरवेळ यांना गळकरी एवढे महत्त्व देत आले.

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे तेथे छावणी वसली. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास केली आणि दख्खनी महसीर या बलाढ्य नदीमाशाला त्यांनी दिलेले ‘खुद्री’ हे जातिनाम आजही कायम आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी राहिलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये निघाले, आणि गळाची मासेमारी हा भारतातील इंग्रज अंमलदारांचा रीतसर छंद बनला. त्यांचा दोर रेशमाचा असे व गळाजवळचा शेवटचा तुकडा रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या तातीचा असे. ही तात वापरण्यापूर्वी भिजवावी लागे, कारण कोरडी असताना ती कडक होऊन तुटे. 1905 मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर गरोळीच्या रिळाचे पेटंट घेतले. या रिळात दोर फेकताना गरोळी, म्हणजे ज्यावर दोर गुंडाळलेला असतो तो भाग, फिरत नाही, तिच्या कडेवरून दोर सुटत जातो. ही कल्पना सूतगिरणीतील बॉबिनवरून घेतलेली मानतात. तसली बॉबिने घटप्रभेच्या काठी गोकाकच्या गिरणीत 1887 पासून फिरत होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

खरा पालट मात्र नायलॉनने घडवला. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 1938 मध्ये तो जाहीर केला आणि त्याचा एकेरी, पारदर्शक तंतू, म्हणजेच मराठी मासेमारांचा तंगूस, पुढील काही दशकांत गावोगावच्या बाजारात पोहोचला. तो कुजत नाही, पाण्यात जवळजवळ दिसत नाही आणि बारीक असूनही भार पेलतो. साहेबाच्या तातीला जे साधत नव्हते ते काही आण्यांत भोयाच्या हाती आले, आणि रीळ नसतानाही केवळ डब्याला वा लाकडाला गुंडाळलेला तंगूस हाताने दूर फेकता येऊ लागला.

त्याच सुमारास पाणीही बदलले. मलप्रभेवर नविलुतीर्थ आणि घटप्रभेवर हिडकल ही धरणे 1970 च्या दशकात पूर्ण झाली. निपाणी भागात वेदगंगा व दूधगंगेवर जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, कारदगा–भोज असे बंधारे आले. पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतील काढता येण्याजोग्या फळ्या, घातले की वाहती नदी काही महिने लांबट तळे बनते. मासा त्यामुळे काठापासून दूर व खोलात गेला, आणि जलाशयांत रोहू, कटला यांचे बीज सोडले जाऊ लागल्याने जाळ्यात व गळाला येणाऱ्या माशांच्या जातीही बदलल्या. रिळाची खरी गरज या परिसरात तेव्हा निर्माण झाली. त्याआधी ते बहुतांशी हौसेचा दागिना होते.

म्हणूनच दोन-तीन दशकांनी पुन्हा गळ हाती घेणाऱ्याने दोर, रीळ, काठी या क्रमाने विचार करणे इतिहासाला धरून होईल. जुने रीळ साफ करून वंगण दिल्यास बहुधा चालते, परंतु त्यावरचा तंगूस उन्हाने व काळाने कमकुवत झालेला असल्याने तो टाकूनच द्यावा. बंधाऱ्याच्या स्थिर पाण्यात रोहूसाठी सुमारे 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा नायलॉन, मध्यम आकाराचे स्थिर गरोळीचे रीळ आणि आठ-नऊ फुटांची काचतंतूची काठी पुरते. गवताळ तळ्यातल्या मरळसाठी मात्र जाड, विणलेला दोर लागतो. कार्बनतंतूची महाग काठी हलकी खरी, पण दगडावर आपटली की तडकते, त्यामुळे खडकाळ काठावर ती घेण्यात शहाणपण नाही. खरेदीपूर्वी पाण्याची चौकशीही करावी, कारण अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा सहकारी संस्थांना दिलेले असतात, आणि खानापूर तालुक्यातील भीमगड हे 2011 पासून वन्यजीव अभयारण्य असल्याने तेथे गळ टाकता येत नाही.