शाळेच्या बागेचा हिवाळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की पहिल्याच दिवशी गुरुजी फळ्यावर धडा लिहायचे नाहीत. कोपऱ्यातलं टिकाव-खोरं काढायचे आणि म्हणायचे, "चला, बाग वाट बघतीय." आमच्या माणदेशात पावसाळ्याचा भरवसा कधीच नव्हता. त्यामुळं शाळेची बाग म्हणजे हिवाळ्याचीच बाग. ऊन मऊ, रात्री दव पडतं, पाणी कमी लागतं आणि पालेभाजी कडू होत नाही. चार महिने हिरवं दिसायचं, शिमगा झाला की बाग उन्हात जायची.

आमच्याकडचा माणदेश म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेचा, पर्जन्यछायेतला भाग. आमची दोन मास्तरांची, चौथीपर्यंतची शाळा. आधी ती स्कूल बोर्डाची होती, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तशी जिल्हा परिषदेची झाली. पाटी बदलली, पण कौलं तीच राहिली आणि बागही तीच राहिली.

ही बाग शाळेत आली कुठून, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं, गुरुजींना नाद आहे म्हणून आहे. पुढं वाचत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की या वाफ्यांची मुळं बरीच लांब गेलेली आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, की खेड्यातल्या पोरांना लिहिण्या-वाचण्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, आणि हाताने शिकता यावं म्हणून शाळेला छोटी नमुना-शेतं जोडा. सरकारनं ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. १९१९ साली आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र राबायची आणि एका पंगतीला जेवायची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि सूतकताई, शेती, बागकाम यांतूनच शिकवायचं, अशी नई तालीम मांडली गेली. आमच्या शाळेच्या कपाटात टकळ्यांचं एक गाठोडं धूळ खात पडलेलं असायचं, ते त्या काळातलं. कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ साली आला आणि त्यानंतर कार्यानुभव हा शब्द शाळेशाळेत पोचला. टकळी गेली पण खुरपं टिकलं.

या सगळ्या थोरांनी पोरांनी हाताने काम करावं असं सांगितलं. पण पिकलेलं कोण खाणार, हा प्रश्न खेड्यात वेगळाच उभा राहतो. कर्मवीरांना तो नेमका ठाऊक होता. आमच्या शाळेला तो १९७२ च्या हिवाळ्यात समजला.

त्याआधीची दोन वर्षंही अर्धीमुर्धीच गेली होती. ७२ ला मात्र आभाळ कोरडंच राहिलं. खरिपाचं बी जागेवर करपलं, रब्बीची पेर झालीच नाही. दावणीची जनावरं कवडीमोलानं गेली. गावचा आड तळाला गेला, पोरं दोराला धरून आत उतरायची आणि वाटीनं हांडा भरायची. मोठी माणसं नालाबंडिंगवर, पाझर तलावावर, खडी फोडायला जायची. रेशनला तांबडा मिलो आला. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. कामावर आणि शाळेत सुकडी मिळायची. त्या सुकडीच्या वासानंच हजेरी टिकून होती.

अशा साली बाग करायची का, हा प्रश्न आम्हा पोरांनाही पडला होता. चावडीवर एकजण म्हणालाच, "गुर्जी, माणसाला प्यायला न्हाय आन् तुमी मेथीला पाजताय व्हय?"

गुरुजी म्हणाले, "आडाचा एक थेंब घेणार न्हाय. बघा तुम्ही."

आणि खरोखरच त्यांनी घेतला नाही. सुकडी खाल्ल्यावर पोरं हात धुवायची, त्या जागेखाली एक जुनी पाटी ठेवली. पाट्या पुसायचं पाणी, गुरुजींच्या घरची भांडी विसळलेलं पाणी, सगळं एका फुटक्या पिंपात जमायचं. दर साली आमचे वीस वाफे असायचे, त्या साली बाराच केले. वाफे खोलगट ठेवले, म्हणजे ओल धरून राहील. तळाशी लेंडीखत, वर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. कुंभाराकडून चिरलेली मडकी आणली, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली आणि भोपळ्याच्या वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरली. मडकं एकदा भरलं की तीन-चार दिवस वेलाला थेंब थेंब मिळायचा. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे, मेथी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, पेरणी संध्याकाळी करायची. मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबिरीनं थंडीमुळं बारा दिवस लावले. घेवड्यावर मावा पडला तर सकाळी दव असतानाच चुलीतली राख भुरभुरायची, म्हणजे ती पानाला चिकटते. हे सगळं मी चौथीत शिकलो आणि अजून विसरलो नाही.

एका वाफ्याला दोघं, अशा जोड्या गुरुजी चिठ्ठ्या टाकून लावायचे. माझ्या नावासमोर निघाला तो बौद्धवाड्यातला पोरगा. १९५६ नंतर ती वस्ती स्वतःला बौद्धवाडा म्हणू लागली होती, गावाच्या तोंडी मात्र जुनंच नाव होतं. महाडच्या चवदार तळ्याला १९२७ साली हात लागला, १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला. तरी आमच्या आडावर त्याची आई हांडा घेऊन कडेला उभी राहायची आणि कुणीतरी वरून ओतील याची वाट बघायची. शाळेतल्या पाण्याच्या माठालाही ती पोरं हात लावत नसत, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आमच्यातलाच एकजण तांब्यानं त्यांच्या ओंजळीत ओतायचा. कधी कधी तो मीच असायचो.

बागेतल्या पाण्याला मात्र ही अडचण नव्हती. ते उष्टंच पाणी. ते कुणीही वाहावं. त्यामुळं पिंप उपसायचं काम बघता बघता त्याच्याकडंच आलं, आणि त्याला ते आवडायचं. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला होता. पाणी ओतताना तो मुळाशी तळहात आडवा धरायचा, म्हणजे माती उडत नाही. आमचा वाफा बाराही वाफ्यांत उजवा होता. मी घरी सांगायचो, "आये, माझी मेथी लई भारी आलीय." 'आमची' म्हणायचो नाही.

दर साली भाजीच्या जुड्या बांधून पोरं घरी न्यायची, दोन जुड्या गुरुजींकडं, आणि साहेब तपासणीला आले तर त्यांच्या गाडीत. त्या साली गुरुजींनी जाहीर केलं, की कुणी घरी न्यायची नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटताना शाळेतच भाजी शिजवायची आणि सगळ्यांनी एकत्र खायची. बाराही वाफ्यांची मेथी एका पातेल्यात. डाळ गुरुजींची, मिलोच्या भाकऱ्या गुरुजींच्या घरच्या बाई थापणार. ताटली पोरांनी आणायची.

हे सांगायला मी पळत घरी गेलो. आईचा चेहरा पडला. तिनं विचारलं, "सगळी एकातच शिजवणार?"

"व्हय."

"तुझ्या जोडीला कोण हाय म्हनलास?"

तिला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. ती म्हणाली, "माझं काय न्हाय बाबा. पर आज्जीला कळलं तर घरात रहाट माजंल. पोटात दुखतंय म्हनून सांग गुर्जींना. एक दिसाचं तर हाय."

आज्जी कोपऱ्यात वाकळ पांघरून पडून होती. तिनं यातलं काही ऐकलंसुद्धा नसेल. आज मागं बघताना वाटतं, घरोघरी अशी एक आज्जी असायची. तिच्या नावावर सगळं खपायचं.

शनिवारी मेथीचा वास शाळाभर सुटला होता. महिनाभर आमच्या घरात हिरवं पान शिजलं नव्हतं. मी गुरुजींसमोर पोट धरून उभा राहिलो. माझ्याआधी पाचसहा जणांची पोटं दुखून झाली होती, कुणाचा उपास होता, कुणाच्या घरी पाहुणे होते. काही तर आलेच नव्हते. गुरुजी रागावले नाहीत. माझ्या ताटलीकडं बघितलं. सवयीनं मी ती सोबत आणली होती. मग म्हणाले, "बरं. जा, वाफ्याशी बस जाऊन."

मी बागेत बसलो. कापलेल्या मेथीच्या बुडख्यांना रस सुटून वाळला होता. ओट्यावरून पोरांचा कालवा ऐकू येत होता. थोड्या वेळानं माझा जोडीदार हात धुतलेल्या पाण्याची पाटी घेऊन आला. वाफ्याच्या त्याच्या बाजूला गाजराची ओळ होती, माझ्या बाजूला मुळ्याची. निम्मं पाणी त्यानं गाजराला घातलं, निम्मं माझ्या मुळ्याला. तळहात आडवा धरून. मग माझ्याकडं बघून विचारलं, "लई दुखतंय का रं?"

मी म्हणालो, "आता कमी हाय."

तो "बरं" म्हणाला आणि रिकामी पाटी घेऊन गेला. त्याला खरं ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पन्नास वर्षांत मला अनेकांनी अनेक शब्द ऐकवले. एवढं कुठलंच लागलं नाही.

संक्रांतीनंतर त्याच्या घरची माणसं मुंबईला गेली. आमच्याकडून त्या साली कितीतरी घरं उठली. तो सांगायलाही आला नाही, सोमवारी जागा मोकळी दिसली एवढंच. नवा जोडीदार देतो असं गुरुजी म्हणाले, मी नको म्हणालो. पुढं महिनाभर पिंप मी उपसलं. शिमग्याच्या आधी त्याची गाजरं उपटली. बोटाएवढीच होती पण रंगानं लाल. कुणी बघत नाही असं बघून मी तिथंच बसून, सदऱ्याला माती पुसून ती खाल्ली. त्यात फार मोठा विचार होता असं म्हणणार नाही. मला भूक लागली होती. पण घरी मी एकही नेलं नाही.

दोन वर्षांमागं शाळेची शताब्दी झाली. जुनं दप्तर मांडून ठेवलं होतं, त्यात गुरुजींच्या अक्षरातली बागेची वही होती. पेरणीची तारीख, खताच्या पाट्या, पाण्याच्या बादल्या, सगळं नीट नोंदलेलं. त्या शनिवारच्या ओळीत लिहिलं होतं: 'मेथी, वाफे १२. हजर ४६. जेवले २९. भाजी उरली नाही.' दुसरा शेरा नाही. पुढच्या दोन पानांवर आणखी तीन शनिवार होते: जेवले ३१, जेवले ३४, जेवले ३३. यातल्या शेवटच्या दोन्ही आकड्यांत मी होतो. आईला न सांगता जेवलो होतो. जोडीदार त्या तिसऱ्या शनिवारपर्यंत होता, चौथ्याला नव्हता. तेहतीसमध्ये एक तो कमी आहे, हे वहीत कुठं लिहिलेलं नाही. ते मला ठाऊक आहे म्हणून इथं लिहून ठेवतो.

शाळेच्या जेवणाचा इतिहास पुढं कागदावर पुष्कळ झाला. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभर पोषण आहाराची योजना आली, २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला. आता सरकारच शाळांना परसबाग करायला सांगतं आणि तिथली भाजी खिचडीत पडते. शताब्दीच्या दिवशी थंडी चांगली होती. वाफ्यात मेथी, पालक, कांद्याची पात होती. बोअरचं पाणी ठिबकनं येत होतं. चौथीतल्या दोन पोरी पालक खुडत होत्या. मी विचारलं, "हा वाफा कुणाचा गं?"

दोघीही एकदमच म्हणाल्या, "आमचा."

ताटल्या घेऊन पोरं रांगेत बसली होती. बाईंनी मलाही बसायला सांगितलं. मी बसलो आणि पोटभर जेवलो.