सुटकेनंतरचे सोहनसिंग

क्रांतिकारकांची चरित्रे वाचताना आम्हांला एक खोड लागलेली आहे. कट, खटला, शिक्षा हे सारे चवीने वाचावयाचे आणि तुरुंगाचा दरवाजा उघडला की पुस्तक मिटावयाचे. पुढचे खरे दिवस कसे जातात, ते आम्हांला एका गृहस्थाने दाखविले. बारा वर्षे भोगून सुटल्यावर तो काम मागण्यास आमच्या युनियनच्या कचेरीत आला. आम्ही चहा पाजला, आठ ठिकाणी शब्द टाकला. एकाही ठिकाणी जमले नाही. त्या रात्री आम्ही बाबा सोहनसिंग भकना यांची हकीकत पुन्हा काढून बसलो.

सोहनसिंग हे अमृतसरजवळच्या भकना गावचे शेतकरी, जन्म १८७० चा. १९०९ साली पोटासाठी ते अमेरिकेस गेले आणि ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरणीत मजुरी करू लागले. १९१३ साली तेथील हिंदी मजुरांतून गदर पक्ष उभा राहिला. अध्यक्ष हा गिरणीतला मजूर आणि सरचिटणीस विद्वान लाला हरदयाळ! हा क्रम आम्हांला फार आवडतो. महायुद्ध पेटताच बाबा मायदेशी निघाले, ते १९१४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास पोचताच पकडले गेले. लाहोरच्या खटल्यात २४ जणांस फाशी सांगितली, त्यांत तेही होते. पुढे १७ जणांची फाशी जन्मठेपेवर आली. जे सात गेले त्यांत १९ वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता आणि आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळेही होता.

मग अंदमान, कोइमतूर, आणि आपले येरवडे. त्या भिंतीजवळून आपल्यापैकी कित्येक रोज जात असतील. शेवटी लाहोर. तेथे मजहबी, म्हणजे अस्पृश्य गणलेल्या शीख कैद्यांना जेवणास वेगळे बसवीत; बाबांनी त्याविरुद्ध अन्न सोडले. १९२९ साली भगतसिंगाने उपोषण मांडले तेव्हा साठीस टेकलेले बाबा त्याच्या बाजूने उपाशी राहिले. भगतसिंग सराभ्याला गुरू मानी, आणि सराभ्याचा अध्यक्ष आता या विशीतल्या पोरामागे चालला होता. कोणी कोणास घडविले, हे येथे सांगणे अवघड आहे.

१९३० साली सोळा वर्षांनी सुटका झाली. घरी बसून सत्कार घेण्याचे वय होते. बाबांनी आत राहिलेल्या सोबत्यांच्या सुटकेची खटपट सुरू केली आणि मग किसान सभेत तरुणांबरोबर उभे राहिले. १९४० साली पुन्हा अटक, देवळीची छावणी. १९४३ साली सुटले, आणि अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन त्याच वर्षी भकना गावी भरले. सरकारला सत्तर वर्षांच्या कैद्याची भीती वाटत नसेल. त्याच्याभोवती जमणाऱ्या पोरांची वाटत असावी. स्वतंत्र भारतानेही १९४८ साली त्यांना काही काळ आत ठेवले, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. १९६८ च्या डिसेंबरात ते वारले.

आमच्या गृहस्थाला आम्ही अखेर कचेरीतच बसविले. पगार थोडा. सुरुवातीस तो दाराकडे पाठ करून बसत नसे. आता प्रॉव्हिडंट फंडाचे कागद घेऊन येणारी नवी पोरे आम्हांला ओलांडून थेट त्याच्या टेबलाशी जातात, आणि आमचा चहा निवतो.