गाडीचा व्हील गॅप एकसारखा का नसतो? राइड हाइट मोजायची कशी आणि बदलायची कधी?

गाडी धुऊन उभी केली आणि जरा मागे सरकून पाहिलं की काही जणांना एक गोष्ट खटकते. एका चाकावर चार बोटं मावतात, दुसऱ्यावर तीनच. चाक आणि त्यावरच्या पत्र्याच्या कमानीमधली ही मोकळी जागा म्हणजे व्हील गॅप. गाडी जमिनीपासून किती उंच उभी आहे, ती राइड हाइट. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, पण एकच नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला, गॅरेजवाला नाही. पण बाळापूरला काकांच्या हॅचबॅकच्या निमित्तानं या विषयात बराच खोल शिरलो. काकांचं म्हणणं होतं, "समोरून ड्रायव्हर साइडनं कावून वर दिसते ही गाडी?" गॅरेजनं न मोजताच पुढचे दोन्ही शॉकअॅब्सॉर्बर बदलायला सांगितले. खर्च पाच आकडी. म्हटलं, आधी टेप लावू.

टेप कुठे लावायचा?

टायरच्या वरून कमानीपर्यंत मोजू नका. टायरमधली हवा आणि टायरची झीज, दोन्ही त्या मापात घुसतात. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर कमानीच्या कडेपर्यंत मोजा. चारही टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकी रिकामी, आत कोणी नको. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे फिरवून घ्या आणि चारही कोपऱ्यांवर हातानं दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं होऊन बसतं.

आता खरी अडचण सपाट जागेची. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंगण सपाट वाटलं तरी असेलच असं नाही. पेट्रोल पंपाच्या काँक्रीटलाही पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. यावर सोपी युक्ती अशी: एकदा मोजा, मग गाडी त्याच जागी उलट्या तोंडानं उभी करा आणि परत मोजा. फरक गाडीच्या त्याच बाजूला राहिला तर दोष गाडीत. बाजू बदलली तर दोष जमिनीत.

फोनमधलं लेव्हल अॅप वापरू का, असं बरेच जण विचारतात. गणित बघा. दोन चाकांमधलं अंतर साधारण १५०० मिमी. अॅप अर्धा अंश चुकलं तर तेवढ्या रुंदीवर १३ मिमीचा फरक दिसतो, आणि आपल्याला शोधायचाय दहा-पंधरा मिमीचा. म्हणजे फोन इथे कामाचा नाही. वाइड लेन्सनं जवळून काढलेला फोटो तर अजिबात नाही, त्यात कडेचं चाक ताणलेलंच दिसतं. वीस-तीस रुपयांचा शिवणकामाचा टेप जिंकतो.

किती फरक चालतो?

पुढच्या आणि मागच्या मापांची तुलना करून घाबरू नका. बऱ्याच गाड्या रिकाम्या असताना मागून मुद्दाम थोड्या उंच ठेवलेल्या असतात, कारण माणसं आणि सामान आलं की मागची बाजूच जास्त बसते. समजा मागची एक स्प्रिंग एक मिमी दबायला २५ न्यूटन घेते. डिकीत तुरीची ५० किलोची दोन पोती टाकली तर प्रत्येक स्प्रिंगवर साधारण ५० किलो आले, म्हणजे गाडी मागून जवळपास २० मिमी खाली. सीएनजी किटचं वजनही असंच कायमचं बसतं. कंपनीनं बसवलेल्या सीएनजीत मागचं सस्पेन्शन त्या हिशोबानं जुळवलेलं असतं, बाहेरून बसवलेल्यात बहुधा नसतं.

तुलना करायची ती डावी-उजवीची, एकाच अॅक्सलवर. पाच-दहा मिमी फरक बऱ्याच गाड्यांत असतोच. पंधराच्या पुढे गेला की कारण शोधा: बसलेली किंवा तुटलेली स्प्रिंग, जागेवर नीट न बसलेली स्प्रिंग, संपलेला माउंट किंवा बुश, किंवा जुन्या अपघातात वाकलेला भाग.

काकांच्या गाडीची मापं अशी आली: पुढे डावी ३७२, उजवी ३८१. मागे डावी ३५२, उजवी ३६८. म्हणजे मोठा फरक मागे! गाडीची बॉडी कडक असते. चार पायांच्या टेबलाचा एक पाय झिजला की समोरचा तिरका पाय उचलला जातो, तसंच हे. मागची डावी बसली की पुढची उजवी वर येते. लिफ्टवर घेतल्यावर मागच्या डाव्या स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं सापडलं. तुटकं टोक सरकून टायरला घासलं तर टायर फाटू शकतो, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरला काही झालंच नव्हतं.

इथे एक गैरसमज: गाडीचं वजन शॉकअॅब्सॉर्बर पेलत नाही, स्प्रिंग पेलते. शॉकअॅब्सॉर्बरचं काम हेलकावे थांबवायचं. त्यामुळे गाडी एका बाजूला झुकली म्हणून तो बदलायला कोणी सांगितलं, तर आधी स्प्रिंग दाखवा म्हणा. आणि स्प्रिंग बदलायची तर त्या अॅक्सलच्या दोन्ही, जोडीनं.

उंची बदलायची असेल तर

साध्या गाडीत उंची बदलायचा स्क्रू नसतो. काही जुन्या जीप-पिकअपमध्ये टॉर्शन बारला बोल्ट असतो, तो पिळून पुढची उंची वर-खाली होते. बाकीच्यांना स्प्रिंग, स्पेसर किंवा आटे असलेला कॉइलओव्हर. आटे फिरवून एकच कोपरा 'सरळ' करू नका. गॅप सारखा दिसेल, पण तिरक्या जोडीवरचं वजन बिघडेल आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर स्वस्त आहेत, पण तेवढी वेटोळी काम करेनाशी होतात आणि स्प्रिंग कडक होते. तुटक्या स्प्रिंगवर तो उपाय नाहीच.

रील बघून गाडी खाली करणाऱ्यांसाठी: इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० मिमी खाली केली तर उरले १२३, आणि अजून माणसं बसायची आहेत. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किमी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला, रस्ता मस्तच. पण महामार्ग सोडून गावात वळलं की स्पीडब्रेकर कोणत्या निकषाचा, हे विचारू नका.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्प्रिंगचं कोणतंही काम झालं की व्हील अलाइनमेंट आलंच, कारण उंचीबरोबर चाकांचे कोन बदलतात. हेडलाइटही तपासा. आणि मेकॅनिकला एक गोष्ट नक्की सांगा: रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर बुश पिळलेले राहतात, गाडी काही मिमी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. नव्या स्प्रिंगाही सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच टेपनं परत मोजा.