घरातील ध्वनिमुद्रणाची पेटी

थॉमस एडिसनने १८७७ साली सिद्ध केलेल्या फोनोग्राफचा एक गुण पुढे फार काळ विस्मृतीत गेला. ज्या यंत्रावर माणूस ऐकत असे, त्याच यंत्रावर तो स्वतःचा आवाज कोरूनही ठेवू शकत असे. १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या तबकड्या एका ठशावरून हजारोंनी काढता येत. व्यापारात त्यांची सरशी झाली हे स्वाभाविकच होय. परंतु तबकडी घरात आली आणि मुद्रणाची सोय मात्र घराबाहेर गेली. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. कारण काहीही असो, त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही. ते गाणे कसे असेल, हे बालगंधर्व, मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या गायनावरूनच ताडावे लागते.

गमावलेली ही सोय घराला चुंबकीय फितीने परत दिली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला गेला. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि १९७९ मध्ये एका जपानी कंपनीने त्याच कॅसेटवर चार स्वतंत्र ध्वनी मुद्रित करणारे यंत्र विक्रीस आणले. आज फितीची जागा संगणकाने घेतली आहे. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह वाढवून त्याचे अंकांत रूपांतर करणारी लहानशी पेटी, म्हणजेच ऑडिओ इंटरफेस, हा गायक आणि संगणक यांच्यामधला दुभाषी होय.

ही पेटी प्रथमच घेणारा मनुष्य तिच्यावरील आकड्यांनी गोंधळतो. वस्तुतः त्या प्रत्येक आकड्यामागे काही इतिहास आहे. ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेली कळ घ्या. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला बाहेरून वीज पुरवावी लागते. १९६६ साली न्यूमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असे मायक्रोफोन तयार केले. हिवाळ्यात दिवस फारच लहान असलेल्या त्या देशातील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीपासूनच होती. तोच दाब स्वीकारला गेला आणि पुढे सर्वमान्य झाला.

४४,१०० या आकड्याची कथाही अशीच आहे. ध्वनीचे अंक करताना एका सेकंदात त्याचे इतके नमुने घेतात. माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि नमुने त्याच्या दुपटीहून अधिक असावे लागतात, हे शास्त्र झाले. नेमका आकडा मात्र चित्रफितीच्या यंत्रांनी ठरविला. आरंभी हे अंक त्याच यंत्रांवर साठवीत. सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात २४५ रेषा आणि रेषेगणिक ३ नमुने, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हेच प्रमाण उचलले. तेव्हा १,९२,००० नमुन्यांची जाहिरात पाहून घरगुती गायकाने अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. २४ बिटांचा लाभ मात्र खरा आहे. त्यामुळे आवाजाची पातळी थोडी खाली ठेवून मुद्रण करता येते, आणि एखादी तान अकस्मात चढली तरी ध्वनी फाटत नाही.

मग निवड कशावरून करावी? एकाच वेळी किती ध्वनी मुद्रित करावयाचे, हा पहिला प्रश्न. एक गळा आणि एक संवादिनी असेल तर मायक्रोफोनची दोन द्वारे पुरतात. तबलाही वेगळा हवा असल्यास चार द्वारांची पेटी घ्यावी. दुसरा प्रश्न मायक्रोफोनचा: तो कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टची कळ अनिवार्य. तिसरा प्रश्न विलंबाचा. संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज कानी पोहोचण्यास क्षणाचा उशीर झाला तरी गायकाची लय ढळते; म्हणून तो पेटीतूनच थेट ऐकण्याची सोय पाहून घ्यावी. चौथा प्रश्न जोडणीचा. यूएसबीवरून ध्वनी वाहून नेण्याचे सामाईक नियम १९९८ मध्ये ठरले. ते पाळणारी पेटी वेगळ्या प्रणालीवाचून अनेक संगणकांवर चालते, आणि निर्मात्याने पुढे लक्ष काढून घेतले तरी निरुपयोगी होत नाही.

एवढे पाहून घेतले, तर अगदी साधी पेटीही पुरेशी ठरते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपण्यास आता कोणा कंपनीची संमती लागत नाही. आजी गात आहे तोवर पेटी घरी आलेली असावी, एवढेच.