खुणेचे पाणी

घरातला मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, की पानाशेजारची भाकरीची चवड पाहता पाहता खाली जाते, आणि 'वाढते वय आहे' एवढा शेरा मारून वडीलधारी मंडळी त्या खर्चाला मंजुरी देतात; परंतु त्या भाकरीतील उष्मांक शरीराच्या दप्तरी नेमके कोणत्या सदराखाली खर्ची पडतात, हे सांगू शकणारे साधन शास्त्राच्या हाती येण्यास विसावे शतक उतरणीला लागावे लागले. ते साधन म्हणजे कोणतेही यंत्र नसून, घोटभर पाणी आहे.

त्याचे मूळपुरुष पाहू गेल्यास फ्रान्समध्ये जावे लागते. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे लाव्हाझ्ये या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले आणि सेगँ या आपल्या सहकाऱ्यालाच प्रयोगास बसवून, श्रमाबरोबर प्राणवायूचा खप कसा वाढतो, तेही मोजले. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेतील मिडलटाउन येथे ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने तांब्याने मढविलेली एक बंदिस्त खोली उभारली, आणि तीत मनुष्याला दिवसचे दिवस ठेवून त्याची उष्णता व त्याचे उच्छ्वास यांचा काटेकोर हिशेब मांडला. हिशेब चोख होता यात शंका नाही. पण कोंडलेल्या मनुष्याचा हिशेब तो कोंडलेल्या मनुष्याचाच! ज्याचा दिवस जिन्यावर, सायकलीवर आणि कबड्डीच्या मैदानात जातो, त्या कुमारवयीन मुलाला खोलीत बसविले, की जे मोजावयाचे तेच नाहीसे होते.

या पेचाची सोडवणूक ज्याने केली, त्या मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफ्सनच्या मनात मुले मुळीच नव्हती. आल्फ्रेड नीर या पदार्थवैज्ञानिकाच्या साहाय्याने जड प्राणवायूचा माग काढीत असता, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला प्राणवायू हा शरीरातील पाण्यातल्या प्राणवायूशी सतत अदलाबदल करीत असतो, असे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना 1949 साली आढळले. वरकरणी नीरस वाटणाऱ्या या शोधात एक विलक्षण युक्ती दडलेली होती. पाण्यातील हायड्रोजन व प्राणवायू या दोहोंनाही जड समस्थानिकांची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या अधिक वजनी अणूंची, खूण करून ते पाणी पाजावे. हायड्रोजनची खूण शरीराबाहेर पडते ती घाम, मूत्र, बाष्प अशा केवळ पाण्याच्या वाटेने, आणि प्राणवायूची खूण मात्र पाण्याच्या वाटेने व उच्छ्वासाच्या वाटेने अशी दुहेरी. म्हणून दोन खुणांच्या ओसरण्यातील तफावत म्हणजेच कार्बन डायऑक्साइडची निर्मिती, आणि तीवरून ऊर्जेचा खर्च! 1955 साली ही रीत उंदरांवर खरी ठरली.

मग माणसापर्यंत येण्यास विलंब का? कारण निव्वळ खजिन्याचे. जड प्राणवायू अतिशय महाग, आणि उंदीर व माणूस यांच्या वजनांत हजारो पटींचे अंतर. सूक्ष्म मात्राही ओळखणारे वस्तुमानमापक सुधारले, तेव्हा कुठे 1982 साली शॉलर व व्हॅन सँटेन यांनी ही रीत माणसांवर वापरून दाखविली. आता मुलाने सकाळी पेलाभर पाणी प्यावे, दहा-पंधरा दिवस वाटेल तसे हुंदडावे, आणि मूत्राचे काही नमुने द्यावेत, एवढेच त्याचे काम.

अर्थात या पाण्यालाही मर्यादा आहे. ते एकूण खर्च सांगते, रोजकीर्द दाखवीत नाही; मंगळवारी किती पळाला आणि बुधवारी किती लोळला, हा तपशील त्यात नसतो. त्यासाठी कमरेला गतिमापकाची डबी बांधतात, जिला सायकलवरच्या मुलाचे कष्ट जवळजवळ दिसतच नाहीत. मुलांना विचारून घेतलेल्या जबान्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

तरीही या पाण्याने जुने दफ्तर बदलविले. आंतरराष्ट्रीय अन्न व आरोग्य संघटनांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुलांची ऊर्जेची गरज मुख्यतः अशा प्रत्यक्ष मोजणीवरून ठरविली गेली, आणि 1985 च्या अंदाजाहून लहान मुलांची गरज कमी, तर बारा वर्षांपुढील मुलामुलींची अधिक निघाली. परंतु या अधिक गरजेचे कारण वाढ हे नव्हे. वाढीकडे जाणारा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे 35 टक्के असतो, वर्षाअखेर तो 5 टक्क्यांवर येतो, आणि त्यानंतर थोड्याच काळात उतरून कुमारवयाच्या मध्यापर्यंत 1 ते 2 टक्केच राहतो. म्हणजे मुलाने खाल्लेल्या शंभर भाकऱ्यांतली एखाद-दुसरीच उंची व वजन वाढविण्याच्या कामी येते, आणि उरलेल्या सगळ्या त्याचा आधीच वाढलेला देह चालता ठेवण्यात व त्याला हुंदडविण्यात संपतात.